लॅक्टोफेरिनने सूज उतरली? लिहिण्याआधी या चुका तपासा

विस्टर जातीच्या रॅटना गाईच्या दुधातलं लॅक्टोफेरिन हे प्रथिन दिलं, सूज आणणारं कॅरॅजीनन टोचलेला पाय कंट्रोल ग्रुपपेक्षा कमी सुजला, की एम.फार्म.चे विद्यार्थी धावत येतात. मी आधी एकच विचारते: पावडरमध्ये एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं विष, किती?

नैसर्गिक प्रथिनांची खरी गोम इथेच आहे. लॅक्टोफेरिनवर धनभार असतो, त्यामुळे जिवाणूंचं एंडोटॉक्सिन त्याला घट्ट चिकटतं. ते टोचलं गेलं की रॅटच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन वाढतं आणि हे संप्रेरक स्वतःच सूज दाबतं. काम केलं भेसळीने, नाव झालं प्रथिनाचं! एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी कराच, पण चिकटलेलं एंडोटॉक्सिन तिला कधी कधी दिसत नाही. म्हणून नमुन्यात मोजून एंडोटॉक्सिन घाला आणि त्यातलं ५० ते २०० टक्के परत मोजलं जातंय का ते पाहा. शिवाय तेच द्रावण उकळून एका वेगळ्या ग्रुपला द्या. उकळल्यावर प्रथिनाची घडी मोडते, एंडोटॉक्सिन टिकतं. उकळलेल्यानेही तेवढीच सूज उतरली, तर थांबा, गुण बहुधा एंडोटॉक्सिनचा आहे. तुलनेसाठी त्याच डोसचा बोवाइन अल्ब्युमिनचा (गाईच्या रक्तातल्या दुसऱ्या प्रथिनाचा) ग्रुपही हवा.

डोस पोटात टोचत असाल तर आणखी एक फसगत होते. द्रावणाने पोटात क्षोभ झाला, तरी पायाची सूज कमी भरते. तोंडाने दिलं तर पेप्सिन प्रथिनाचे तुकडे करतं. मग गुण अख्ख्या प्रथिनाचा म्हणता येत नाही.

मोजमापातल्या चुका साध्या, पण महाग पडतात. १ टक्का कॅरॅजीनन सलाइनमध्ये रात्रभर भिजू द्या, गुठळ्या राहिल्या तर प्रत्येक पायात वेगळा डोस जातो. टोचायचं ०.१ मिली. घोट्यावर पक्क्या शाईची रेघ ओढा, सूज मोजणाऱ्या उपकरणाच्या द्रवात पाय दर वेळी तिथपर्यंतच बुडवा. फक्त पहिल्या तासाचं रीडिंग घेतलं तर सुजेचा हिस्टामिन-सेरोटोनिन या रसायनांचाच टप्पा दिसतो. नंतरच्या प्रोस्टाग्लँडिनच्या टप्प्यासाठी ३ ते ५ तासांचं रीडिंग लागतं. इंडोमेथॅसिन या सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या औषधाच्या ग्रुपमध्येही सूज कमी झाली नसेल, तर त्या दिवसाचे आकडे वापरू नका.

आणि रॅटना आधी आठवडाभर रोज हातात घ्या. घाबरलेल्या प्राण्यातही कॉर्टिकोस्टेरॉन चढतं, शिवाय त्या जिवाला होणारा त्रास फुकट जातो. नैतिक समितीच्या परवानगीत लिहिलेली संख्या पाळा, चुकलेल्या प्रयोगापायी परत नवे प्राणी मागायची वेळ आणू नका. रीडिंग घेणाऱ्याला ग्रुप कळता कामा नये. पिंजऱ्यांवर सांकेतिक आकडे घाला, यादी दुसऱ्याच्या कपाटात ठेवा.