फर्स्ट पीयूसीच्या पोरांसाठी: लिमिट आणि कंटिन्युइटी डोक्यात कशी बसवायची

दहावीपर्यंत मराठी मिडियम आणि पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) सायन्सला एकदम सगळं इंग्लिशमधनं, आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी पोरांचं हेच होतं, आणि लिमिटचा धडा आला की वाटतं आता गणित गेलंच. गेलेलं नसतं.

मराठीत लिमिटला सीमा म्हणतात. पण आपण सीमाभागातली माणसं, सीमा म्हटलं की हद्दच डोळ्यासमोर येते, इथनं पुढं जायचं नाही अशी. ते चित्र आधी काढून टाका. एक्स एखाद्या आकड्याच्या जवळ जवळ जाताना फंक्शनची किंमत कुठं चाललीय, एवढंच लिमिट विचारतं. तिथं पोचली की नाही, हा प्रश्न वेगळा.

करून बघा की. (एक्स² − ९) / (एक्स − ३) यात एक्स ३ घातला तर वर शून्य, खाली शून्य, आणि बरीच पोरं तिथंच "उत्तर शून्य" लिहून मोकळी होतात. शून्य भागिले शून्य हे उत्तर नव्हे, अजून काम बाकी आहे एवढाच त्याचा अर्थ. २.९ घाला, ५.९ येतं. २.९९ ला ५.९९. पलीकडनं ३.०१ घातलं तर ६.०१. दोन्हीकडनं ६ कडंच चाललंय. आता दहावीतलेच अवयव पाडा, वर (एक्स + ३)(एक्स − ३) होतं, (एक्स − ३) कटतं, उरतं एक्स + ३, म्हणजे ६. पण कट का करता येतं हे समजून घ्या, कारण सगळी गोम इथं आहे: एक्स ३ च्या जवळ आहे, पण ३ नाही, म्हणून एक्स − ३ शून्य नाही, म्हणून भागायला हरकत नाही. आणि किंमत घालेपर्यंत प्रत्येक ओळीत लिम लिहायचं, विसरायचं नाही.

कंटिन्युइटी, म्हणजे फंक्शन मधे कुठं न तुटता सलग जाणं, सेकंड पीयूसीला येते. त्यासाठी खानापूरला मलप्रभेवर एक पूल बांधायलेत असं समजा, दोन्ही काठांकडनं. दोन्ही बाजू एकाच उंचीवर आल्या तर लिमिट आहे. मधला स्लॅब बसवायचा राहिला, तर लिमिट आहे पण कंटिन्युअस नाही, आपलं वरचं फंक्शन ३ ला तसंच आहे. स्लॅब बसवला पण वर-खाली बसला, तरी नाही. आणि दोन्ही बाजूच वेगळ्या उंचीवर आल्या तर लिमिटच नाही, |एक्स| / एक्स बघा, शून्याच्या डावीकडनं −१, उजवीकडनं १. म्हणून डावं लिमिट, उजवं लिमिट आणि त्या जागची किंमत, तिन्ही सारखी आली तरच कंटिन्युअस.

फंक्शन २ ला कंटिन्युअस व्हायला के किती पाहिजे, हे गणित यातनंच सुटतं. एक्स २ किंवा कमी असताना के·एक्स + १, जास्त असताना एक्स² + ३. डावीकडनं २के + १, उजवीकडनं ७, दोन्ही सारखे धरा, के = ३.

साइन एक्स / एक्स चं शून्याजवळचं लिमिट १ येतं, पण रेडियनमध्ये. मोबाइलवर ०.१ घालून बघणार असाल तर आधी मोड बदला, रेडियनला ०.९९८३ दिसेल, डिग्रीत ठेवलात तर ०.०१७४५ येईल आणि उगाच घोटाळ्यात पडाल.