ऑफिससाठी भारी घड्याळ: क्वार्ट्झ की ऑटोमॅटिक, कसे ठरवावे?

भारी घड्याळ घ्यायचे ठरले की सल्ले न मागता येतात, आणि बहुतेकांचा सूर एकच असतो: "एवढे पैसे घालतोयस तर ऑटोमॅटिकच घे, सेलवालं काय घेतोस?" यात अर्धे सत्य आहे. ऑटोमॅटिकच्या आतली कारागिरी डोळ्यांना दिसते, क्वार्ट्झची, म्हणजे सेलवाल्याची, सहसा दिसत नाही. पण रोज ऑफिसला घालायच्या घड्याळाबाबत पहिला प्रश्न सौंदर्याचा नसतो. सोमवारी सकाळी हातात घेतल्यावर ते चालू असेल की बंद, हा असतो. म्हणून दुकानात पाऊल टाकण्याआधी निम्मा निर्णय घरीच करून टाका. त्यासाठी घड्याळाकडे नाही, स्वतःच्या आठवड्याकडे पाहावे लागते.

दोन्हींच्या पोटात काय असते

क्वार्ट्झ घड्याळात स्फटिकाचा एक अगदी बारीक दुबेळका तुकडा असतो. सेलमधून वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे: तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो. म्हणजे सेकंदाला एक ठोका, आणि त्या ठोक्यावर छोटी मोटर काटा पुढे ढकलते. सेकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत 'अ‍ॅस्ट्रॉन' हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले, तेव्हा त्याची किंमत ४,५०,००० येन होती. 'सेलवाले म्हणजे स्वस्त' ही समजूत त्यानंतरची आहे.

ऑटोमॅटिकमध्ये सेल नसतो. हात हलला की आतले अर्धगोल वजन, म्हणजे रोटर, फिरते आणि मुख्य स्प्रिंगला चावी बसते. ती स्प्रिंग सावकाश उलगडत तोलचक्राला, म्हणजे मागे-पुढे हेलकावत वेळेचे ठोके देणाऱ्या चाकाला, चालवते. आजची बरीच यंत्रे तासाला २८,८०० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला आठ. त्यामुळे सेकंदकाटा टकटक उड्या न मारता सरकत गेल्यासारखा दिसतो. त्या सरकत्या काट्यावर पुष्कळ माणसे भाळतात, आणि त्यात काही गैर नाही.

पायरी १: आठवडा कागदावर मांडा

निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो, म्हणून इथे घाई करू नका.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला घड्याळ काढून ठेवले आणि सोमवारी सकाळी साडेआठला पुन्हा घातले, तर मधले तास होतात ६२. पूर्ण चावी बसलेले जुन्या धाटणीचे ऑटोमॅटिक यंत्र साधारण ३८ ते ४२ तास चालते. ते रविवारीच बंद पडणार. मग सोमवारी बूट घालता घालता वेळ लावा, तारीख लावा, चावी द्या. काहींना हा विधी आवडतो. पण धावपळीच्या सकाळी तो महिनाभरात नकोसा होतो. नव्या यंत्रांनी ही अडचण बरीच कमी केली आहे. टिसोटसारख्या ब्रँडच्या घड्याळांतले 'पॉवरमॅटिक ८०' ८० तास चालते आणि रोलेक्सची सध्याची बरीच यंत्रे सुमारे ७० तास. कागदावर दोन्ही शनिवार-रविवार पार करतात.

'कागदावर' म्हणायचे कारण असे, की हे आकडे पूर्ण भरलेल्या स्प्रिंगचे आहेत. रोटर फिरायला हात हलावा लागतो. दिवसभर कीबोर्डवर मनगट टेकवून बसणाऱ्याचा हात तेवढा हलतोच असे नाही. बोटे पळतात, मनगट जागेवरच असते. शुक्रवारी संध्याकाळी स्प्रिंग अर्धीच भरलेली असेल तर ८० तासांचे घड्याळही सोमवारपर्यंत टिकणार नाही. उपाय सोपा आहे: काढून ठेवताना हाताने वीस-तीस फेरे चावी द्यावी. ऑटोमॅटिकमध्ये जास्त चावी बसून स्प्रिंग तुटण्याची भीती नसते, कारण भरल्यावर ती आतल्या आत घसरते. मात्र काही ऑटोमॅटिक यंत्रांना हाताने चावी देताच येत नाही. घेण्याआधी हे विचारून घ्या.

आता कागदावर तीन गोष्टी लिहा. आठवड्यातून किती दिवस घालणार? दिवसात किती चालणे-फिरणे होते? आधीची आणखी घड्याळे आहेत का? रोज एकच घड्याळ घालणाऱ्या, सुट्टीच्या दिवशीही ते न काढणाऱ्या आणि थोडेफार फिरणाऱ्या माणसाने ऑटोमॅटिक निर्धास्त घ्यावे. दोन-तीन घड्याळे आलटून पालटून घालणाऱ्याने, किंवा आठवड्यातले दोनच दिवस ऑफिसला जाणाऱ्याने क्वार्ट्झ घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑटोमॅटिक फिरते ठेवणारे विजेचे डबे मिळतात. पण तारीख-वार-महिना दाखवणारे गुंतागुंतीचे घड्याळ नसेल तर त्यावर खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही.

पायरी २: किती चूक चालेल ते ठरवा

स्विस प्रमाणपत्र देणारी सीओएससी ही संस्था यांत्रिक यंत्राला दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा देते. रोज पाच सेकंद पुढे जाणारे घड्याळ महिन्यात अडीच मिनिटे पुढे जाईल, आणि तरीही ते प्रमाणित 'क्रोनोमीटर' असेल. रोलेक्स स्वतःसाठी दिवसाला दोन सेकंद मागे-पुढे एवढीच मर्यादा ठेवते. साधे क्वार्ट्झ महिनाभरात पंधरा सेकंदांच्या आसपास चुकते. भारी क्वार्ट्झची तर जातच वेगळी: लाँजिनचे व्हीएचपी वर्षाला पाच सेकंद, ग्रँड सेकोचे ९एफ वर्षाला दहा सेकंद, आणि सिटिझनने २०१९ मध्ये आणलेले कॅलिबर ०१०० वर्षाला एक सेकंद. ९एफसाठीचे स्फटिक तीन महिने विजेवर ठेवून मुरवतात आणि त्यातले स्थिर राहतील तेवढेच निवडतात. एवढी मेहनत घेतलेल्या यंत्राला 'सेलवाले' म्हणून नाक मुरडणाऱ्याने ते एकदा उघडलेले पाहावे.

ऑफिसच्या कामाला मात्र एवढ्या अचूकतेची गरज क्वचितच पडते. मीटिंगला दोन मिनिटे लवकर पोहोचल्याने कोणाचे नुकसान होत नाही. ज्यांना फोनवरची वेळ आणि मनगटावरची वेळ यांत फरक दिसला की चैन पडत नाही, त्यांनी तो स्वभाव ओळखून क्वार्ट्झकडे वळावे.

पायरी ३: कफ आणि जाडी

पूर्ण बाहीचा शर्ट घालून, कफचे बटण लावून, बाही मनगटावरून सहज सरकते का ते पाहा. तीन काट्यांचे नेहमीचे ऑटोमॅटिक साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असते, कारण रोटरलाच वर जागा लागते. क्वार्ट्झ सहज ६ ते ८ मिलिमीटरमध्ये बसते. पातळ ऑटोमॅटिक होत नाही असे नाही. पियाजेने १९६० मध्येच २.३ मिलिमीटर जाडीचे यंत्र करून दाखवले होते. पण तसल्या पातळपणाची किंमत वेगळी मोजावी लागते. घट्ट कफ घालणाऱ्यांसाठी जाडी हा व्यासापेक्षा मोठा मुद्दा आहे, आणि कॅटलॉगमध्ये नेमकी तीच शेवटी लिहिलेली असते. जाता जाता: १९१७ साली आराखडा झालेल्या कार्तिएच्या 'टँक' या घड्याळाचे आजचे बरेच नमुने क्वार्ट्झवर चालतात, आणि त्यापायी टँकला कमी लेखणारा कोणी मला अजून भेटलेला नाही.

पायरी ४: टेबलावरची चुंबके मोजा

लॅपटॉपचे स्पीकर, टॅबलेटचे झाकण, हेडफोन, फोनच्या मागे चिकटणारे चार्जर, बॅगेची बटणे. ऑफिसच्या टेबलावर चुंबके सगळीकडे असतात आणि ऑटोमॅटिकचा खरा शत्रू हाच. तोलचक्राच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला चुंबकत्व लागले की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटे पुढे पळू लागते. हा बिघाड नव्हे. घड्याळजी छोट्या उपकरणाने काही सेकंदांत चुंबकत्व काढून टाकतो. क्वार्ट्झची मोटर तीव्र चुंबकाजवळ अडखळू शकते, पण लांब नेले की सहसा पूर्ववत चालते, फक्त वेळ पुन्हा लावावी लागते.

ऑटोमॅटिकच घ्यायचे असेल तर ही केसासारखी बारीक स्प्रिंग सिलिकॉनची, म्हणजे चुंबकत्व न लागणारी, आहे का, असे विचारा. ओमेगाची 'मास्टर क्रोनोमीटर' घड्याळे १५,००० गाउसपर्यंत (गाउस हे चुंबकाच्या ताकदीचे माप) तपासलेली असतात. बाकीच्यांसाठी साधी सवय पुरते: रात्री घड्याळ लॅपटॉपवर किंवा स्पीकरवर ठेवायचे नाही.

पायरी ५: पुढच्या वर्षांचा खर्च

ऑटोमॅटिकचे तेल सुकते, भाग झिजतात. ओमेगा पाच ते आठ वर्षांनी सर्व्हिसिंग सुचवते, रोलेक्स सुमारे दहा वर्षांनी. पूर्ण सर्व्हिसिंग म्हणजे यंत्र सुटे करून, धुऊन, तेल घालून पुन्हा जुळवणे. त्याचा दर खरेदीपूर्वीच विचारा आणि किमतीत धरा. क्वार्ट्झचा सेल साधारण दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो. सेल बदलताना रबरी सील आणि पाण्याची तपासणी करून घ्या. संपलेला सेल आत तसाच ठेवू नका. तो गळला तर यंत्र खराब होते. बऱ्याच क्वार्ट्झमध्ये सेल संपत आला की सेकंदकाटा एकदम दोन किंवा चार सेकंदांच्या उड्या मारून सूचना देतो.

क्वार्ट्झ विकत घेताना एक प्रश्न हमखास विचारा: यंत्र बिघडले तर दुरुस्त करता की आख्खे बदलता? झीज कमी व्हावी म्हणून माणिक बसवलेले, धातूचे, सुटे होणारे यंत्र असेल तर भारी किमतीला अर्थ आहे. नावाजलेल्या डायलमागे स्वस्त प्लास्टिकचे यंत्र निघाले तर तुम्ही फक्त नावाचे पैसे दिलेत.

दोन्हींच्या मधले रस्ते

सेल बदलायचा कंटाळा असेल तर प्रकाशावर चालणारे क्वार्ट्झ पाहा. सिटिझनचे इको-ड्राइव्ह सर्वांना माहीत आहे. कार्तिएनेही २०२१ मध्ये टँकच्या तबकडीवरील रोमन आकड्यांतून प्रकाश आत घेणारे यंत्र आणले. सेकोचे स्प्रिंग ड्राइव्ह तर दोन्हींचे लग्न आहे: ताकद स्प्रिंगची, लगाम क्वार्ट्झचा. काटा अक्षरशः वाहतो आणि महिन्याची चूक पंधरा सेकंदांच्या आत राहते. मात्र सर्व्हिसिंग कंपनीकडेच करावे लागते आणि किंमत वरच्या पायरीवर असते.

दुकानात काय करावे

उभ्याने आरशात पाहून घड्याळ घेऊ नका. खुर्चीत बसा, टेबलावर हात ठेवा, टाइप करतो तसे मनगट टेकवा. चावीची मूठ हाताच्या पाठीला रुतते का? पट्ट्याची घडी टेबलावर घासते का? क्वार्ट्झ असेल तर सेकंदकाटा खुणांवर नेमका पडतो का, हे पूर्ण चकरेत पाहा. ऑटोमॅटिक असेल तर कानाजवळ धरून हलवा. रोटरचा आवाज शांत खोलीत खटकेल एवढा नको. यंत्राचा नंबर लिहून घ्या. तारीख लावून पाहायची असेल तर काटे आधी सकाळी सहाच्या आसपास आणा, कारण रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारखेची दातेरी चाके अडकलेली असतात आणि जबरदस्तीने तुटू शकतात. ही सवय घरीही ठेवा.

ऑटोमॅटिक घेतलेच तर पहिला महिना रोज सकाळी एकाच वेळी फोनशी ताडून फरक लिहून ठेवा. रात्री ठेवण्याची पद्धत बदलूनही चाल सुधारते: काही रात्री तबकडी वर, काही रात्री चावीची बाजू खाली असे ठेवून पाहा आणि ज्या पद्धतीत दिवसाची चूक भरून निघते तीच धरा. महिन्याअखेरही फरक कंपनीने सांगितलेल्या मर्यादेबाहेर असेल तर ती नोंद घेऊन वॉरंटीतच दुकान गाठा. लिहिलेले आकडे समोर ठेवले की 'सवयीने होईल ठीक' हे उत्तर मिळत नाही.