नुसतं "चांगलं वाग" सांगू नका
"सगळ्यांशी चांगलं वाग" हे पोरांच्या डोक्यावरून जातं, त्यापेक्षा जे आत्ता घडलंय तेच दाखवा. म्हणजे समजा तुमच्या पोराने दुसऱ्या मुलाच्या हातातली खेळण्यातली गाडी ओढून घेतली, तर खाली बसा, त्याच्या उंचीला या आणि विचारा, "बघ बरं त्याचा चेहरा, काय वाटत असेल त्याला?" आणि मग गप्प राहा, उत्तर आपणच द्यायची घाई नको (हेच जास्त अवघड असतं आपल्याला). साधारण 4 वर्षांपर्यंत समोरच्याच्या मनात काय चाललंय हे मुलांना नीट उमगत नाही, त्यामुळे पिल्लू लहान असेल तर तुम्हीच सांगा, "गाडी गेली म्हणून रडतोय तो, आता काय करूया?" जबरदस्तीचं सॉरी मात्र नकोच, गाडी परत द्यायला सांगा.