स्वस्त गेम-कोड घेताना: तो पुढे रद्द होणार नाही, याची खबरदारी कशी घ्यावी

संगणकावरील गेमचे ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमवर अडीच हजार रुपयांना मिळणारा नवा गेम दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावर बाराशे रुपयांत दिसला, तर आधी त्या कोडचा उगम शोधावा. सवलत किती आणि विक्रेत्याला तारे किती, हे प्रश्न त्यानंतरचे. गेमचा कोड म्हणजे प्रकाशकाने दिलेला एक परवाना असतो. तो तुमच्या खात्यात जमा झाल्यानंतरही मागे घेता येतो, आणि प्रकाशकांनी तसे अनेकदा केलेले आहे.

स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी प्रकाशकांना कोड विनामूल्य तयार करून देते आणि ते इतरत्र विकले गेले तर त्या विक्रीतून हिस्सा घेत नाही. प्रकाशक हे कोड अधिकृत दुकानांना विकतात, बंडलमध्ये, म्हणजे अनेक गेमच्या एकत्रित संचात घालतात, समीक्षकांना आणि स्पर्धांसाठी फुकट देतात. पुनर्विक्रीच्या बाजारात येणारा माल यांपैकीच कुठून तरी आलेला असतो. कोणी बंडलमधला नको असलेला गेम विकतो, कोणी समीक्षक असल्याची बतावणी करून मिळवलेला कोड विकतो, तर कोणी स्वस्त देशात घेतलेला कोड महाग देशात खपवतो. सर्वांत घातक माल मात्र चोरीच्या क्रेडिट कार्डांवर घेतलेला असतो. कार्डाचा खरा मालक काही आठवड्यांनी तक्रार करतो, बँक दुकानाकडून पैसे परत घेते आणि वर दंडात्मक शुल्कही लावते. तोपर्यंत चोराने कोड विकून पैसे काढून घेतलेले असतात आणि कोड तुमच्या लायब्ररीत, म्हणजे खात्यातल्या गेमच्या यादीत येऊन बसलेला असतो. आज चाललेला कोड दोन महिन्यांनी बंद पडतो, तो यामुळेच.

जानेवारी २०१५ मध्ये युबिसॉफ्टने ‘फार क्राय ४’सह आपल्या काही गेमचे कोड असेच रद्द केले. चोरीच्या कार्डांनी ते इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या ओरिजिन दुकानातून घेतले गेले होते आणि पुनर्विक्रीच्या बाजारपेठांतून ग्राहकांपर्यंत पोहोचले होते. ओरड झाल्यावर, ज्यांनी कोड सक्रिय करून खेळायलाही सुरुवात केली होती त्यांना युबिसॉफ्टने गेम परत दिले. ज्यांनी कोड नुसता घेऊन ठेवला होता, त्यांना ती सूट मिळाली नाही. ‘फॅक्टोरिओ’ बनवणाऱ्या वूब सॉफ्टवेअरचे प्रकरण अधिक बोलके आहे. चोरीचे कोड आपल्या बाजारपेठेत विकले गेल्याचे लेखापरीक्षणात सिद्ध झाले तर नुकसानीच्या दहापट रक्कम देऊ, असे आव्हान जीटूए या बाजारपेठेने २०१९ मध्ये दिले होते. वूबने ३२१ कोडची यादी दिली. त्यांतले १९८ कोड तिथेच विकले गेल्याचे आढळले आणि २०२० मध्ये जीटूएला ३९,६०० डॉलर मोजावे लागले. २०१९ मध्येच ‘नो मोअर रोबॉट्स’ या छोट्या प्रकाशनसंस्थेचे माइक रोज यांनी, जीटूएवरून घेण्यापेक्षा आमचा गेम पायरसी करून खेळा, असे जाहीरपणे सांगितले होते. विक्री होऊनही ज्याला पैसे मिळत नाहीत, त्याचा हा वैताग समजण्यासारखा आहे.

तेव्हा पहिली पायरी म्हणजे विकणारा नेमका कोण आहे, हे पाहणे. हंबल, फॅनॅटिकल, ग्रीन मॅन गेमिंग यांसारखी दुकाने प्रकाशकांशी करार करून कोड विकतात. जीटूए, किंग्विन आणि एनेबा या मुख्यतः बाजारपेठा आहेत, म्हणजे तिथे माल तिसऱ्याच कोणाचा तरी असतो. फरक ओळखणे अवघड नाही. एकाच गेमसाठी वेगवेगळ्या भावांनी दहा विक्रेते मांडलेले असतील, प्रत्येकापुढे ग्राहकांच्या चांगल्या अभिप्रायांची टक्केवारी दिसत असेल, किंवा कोड न चालल्यास मदत मिळावी म्हणून वेगळे शुल्क मागितले जात असेल, तर ती बाजारपेठ आहे. आपण विकलेला माल चालेल याची हमी वेगळे पैसे घेऊन देणाऱ्याचा आपल्याच मालावर कितपत विश्वास असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा. शंका राहिलीच, तर प्रकाशकाच्या संकेतस्थळावरील ‘विकत घ्या’ हे बटण कोणकोणत्या दुकानांकडे नेते, ते पाहावे.

दुसरी पायरी किमतीची. स्टीमने नोव्हेंबर २०१५ पासून भारतात रुपयांत किमती ठेवल्या आहेत आणि अनेक गेमची भारतीय किंमत अमेरिकेतल्या किमतीपेक्षा बरीच कमी असते. परदेशी बाजारपेठेत दिसणाऱ्या भावात शेवटच्या पानावर सेवाशुल्क मिसळते, त्यावर कार्डाचे परकीय चलन शुल्क आणि त्या शुल्कावरचा जीएसटी चढतो. अशा हिशेबात दोन-तीनशे रुपयांची बचत अनेकदा उरतच नाही. ‘इज देअर एनी डील’ या संकेतस्थळावर अधिकृत दुकानांतले आजचे भाव आणि त्या गेमची आजवरची नीचांकी किंमत एकत्र दिसते. मागच्या सेलमध्ये गेम याच भावाला मिळत होता असे तिथे आढळले, तर थांबणे शहाणपणाचे ठरते.

तिसरी पायरी प्रदेशाची, आणि घाईत हीच सर्वाधिक वेळा राहून जाते. कोड जगभर चालणारा आहे, की युरोप, लॅटिन अमेरिका किंवा तुर्कस्तानापुरता, हे विक्रीच्या पानावर लिहिलेले असते. त्यात भारत येतो का, ते शब्दन् शब्द वाचावे. व्हीपीएन (इंटरनेटवर आपण दुसऱ्या देशात असल्याचे भासवणारी सेवा) लावून कोड सक्रिय करा, असे जिथे सुचवले असेल तिथून तत्काळ बाहेर पडावे, कारण स्वतःचा प्रदेश लपवणे स्टीमच्या करारात निषिद्ध आहे आणि त्यात एका गेमऐवजी संपूर्ण खाते अडचणीत येऊ शकते. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानातल्या स्वस्ताईचा असा गैरफायदा बराच काळ घेतला गेला. चलन वारंवार घसरत असल्याचे कारण देऊन व्हॉल्व्हने नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या किमती डॉलरमध्ये नेल्या आणि त्याची झळ तिथल्या सामान्य खेळाडूंना बसली.

याच टप्प्यावर, आपण कोडच घेत आहोत ना, हेही तपासावे. अतिशय स्वस्त जाहिरातींत पुष्कळदा गेम असलेले आख्खे खाते विकले जात असते. मूळ मालक पासवर्ड बदलून ते केव्हाही परत घेऊ शकतो, आणि खात्यांची विक्री नियमबाह्य असल्यामुळे स्टीमकडे दादही मागता येत नाही. हा प्रकार कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात वापरलेले पुस्तक उघडपणे विकता येते, मग गेम का नाही, हा प्रश्न रास्त आहे. फ्रान्समधील यूएफसी-क्यू श्वाझीर या ग्राहक संघटनेने तो थेट न्यायालयात नेला. पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला, पण २०२२ मध्ये अपिलात तो फिरला आणि २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अपिलाचाच निकाल कायम केला. त्यामुळे न्याय्य काय याविषयी आपले मत काहीही असले, तरी पैसे मोजताना पारडे प्रकाशकाकडे झुकलेले आहे, हे धरूनच चालावे.

एवढे पाहूनही बाजारपेठेतूनच घ्यायचे ठरवले, तर पैसे शक्यतो कार्डाने द्यावेत. क्रिप्टो किंवा कोणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर पाठवलेली रक्कम परत मिळवण्याचा मार्ग जवळजवळ नसतो. विक्रीच्या पानाचा, विक्रेत्याच्या नावाचा आणि प्रदेशाच्या ओळीचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा व पावती जपावी. कोड त्याच दिवशी स्टीमच्या ‘गेम्स’ मेनूतून सक्रिय करावा. तो आधीच वापरला गेल्याचा संदेश आला, तर त्याचाही स्क्रीनशॉट घ्यावा आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नये, कारण अनेक अपयशी प्रयत्नांनंतर स्टीम काही काळ कोड स्वीकारत नाही.

गेम लायब्ररीतून गेलाच, तर आधी स्टीमच्या खाते-तपशिलात परवान्यांची यादी पाहावी. कोणता परवाना केव्हा व कसा आला, हे तिथे नोंदलेले असते. दुसरीकडून घेतलेल्या कोडचे पैसे स्टीम परत करत नाही. चौदा दिवस आणि दोन तासांच्या आतल्या खेळाचा परताव्याचा नियम स्टीमच्या स्वतःच्या दुकानातील खरेदीसाठी आहे, म्हणून तिथे वाद घालण्यात वेळ दवडू नये. विक्रेत्याला पुराव्यांसह लिहावे, मग बाजारपेठेच्या मदत विभागाला, आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास कार्ड देणाऱ्या बँकेकडे वादग्रस्त व्यवहाराची तक्रार नोंदवावी. बँकेला लिहिताना ‘फसवणूक झाली’ एवढ्यावर न थांबता, मोबदला दिलेली डिजिटल वस्तू विक्रेत्याच्या दोषामुळे निकामी झाली असे स्पष्ट मांडावे, कारण व्यवहार तुम्हीच मंजूर केलेला असतो. ही तक्रार बाजारपेठेच्या व्यवहाराविरुद्धच आहे ना, हे पाठवण्यापूर्वी नीट पाहावे. रागाच्या भरात स्टीमला दिलेल्या एखाद्या रकमेवर आक्षेप नोंदवला गेला, तर स्टीम त्या खात्यावर निर्बंध घालते आणि रीतसर विकत घेतलेले गेमही अडकून बसतात.