मेंदूची अँजिओग्राफी जागेपणी करणार असतील तर आधी काय काय बघायचं

दादाची डीएसए (म्हणजे हीच अँजिओग्राफी, नळीतून डाय सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे एक्स-रे फोटो काढतात ती) ठरली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं पूर्ण भूल देणार, पण नाही, जांघेत झायलोकेन (तेवढीच जागा बधिर करायचं इंजेक्शन) आणि पेशंट टक्क जागा. बोलतोय का, हातपाय हलवतोय का हे त्यांना मधेमधे बघायचं असतं म्हणून. तर ज्यांच्याकडे आता ठरलीय त्यांनी आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून घ्या, नळी मनगटातून घालणार की जांघेतून, कारण पुढची अर्धी तयारी त्यावर आहे. क्रिएटिनिनचा (किडनीचा) रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी (रक्त पातळ करायची गोळी आणि शुगरची मेटफॉर्मिन यांचं नाव मुद्दाम घ्या, स्वतःच्या मनाने बंद करू नका), डायची (फोटोत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडतात त्या औषधाची) ॲलर्जी, आणि दात काढताना सुन्न करायच्या इंजेक्शनने कधी चक्कर, पुरळ असलं काही झालेलं का तेही सांगा, ही गोष्ट आपण हमखास विसरतो. किती तास उपाशी राहायचं ते ते सांगतीलच.

आता दुखण्याचं. सुई टोचल्यावर औषध आत जाताना आग होते, कारण ते औषध आम्लधर्मी असतं, काही ठिकाणी त्यात सोडाबायकार्ब मिसळतात मग कमी झोंबतं, विचारायला हरकत नाही. दहापंधरा सेकंद दात आवळायचे, मग दोनपाच मिनिटांत जागा बधिर होते. नंतर दाबल्यासारखं, ओढल्यासारखं कळतं पण टोचलेलं कळायला नको. कळलं तर तिथेच बोला!! दादा "उगाच कशाला त्रास द्यायचा" म्हणून गप्प बसला आणि नळी घालताना कळवळला, खरं तर अजून थोडं औषध देता येतं, फक्त त्याला वजनाप्रमाणे मर्यादा असते म्हणून हिशोब डॉक्टरच करतात.

नळी मानेतून वर जाते ती कळत नाही, धमनीला आतून तसं काही जाणवत नाही. डाय सोडला की मात्र डोक्याची एक बाजू गरम होते, डोळ्यापुढे चमकतं, दादा म्हणाला गालावर कुणी गरम चहा सांडल्यासारखं, सेकंदभरच. ते माहीत असलं की माणूस दचकत नाही, आणि दचकायचं नाहीच, कारण डायच्या आधीचा फोटो नंतरच्यातून वजा करून रक्तवाहिन्या दिसतात, डोकं हललं की चित्र खराब. श्वास रोखून पडायची प्रॅक्टिस घरी करून जा. (१९२७ मध्ये लिस्बनला एगास मोनिझ या पोर्तुगीज डॉक्टरने हे पहिल्यांदा केलं तेव्हा मान कापून धमनी उघडी करावी लागलेली, त्यामानाने आपलं बरंय.) फक्त मेंदूच्या आवरणाची धमनी बंद करायची असेल तर ती दुखते, तिथे भुलीचं आधी वेगळं बोला.

सगळ्यात जास्त काय दुखलं माहितीये का, पाठ! जांघेतून केलं की नंतर चारसहा तास पाय सरळ ठेवून उताणं पडायचं, आणि हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. त्यामुळे आत जायच्या आधी लघवी करून घ्या, युरिन पॉट जवळ ठेवा, पाण्यासाठी स्ट्रॉ न्या, मोबाईलची लांब वायर न्या, आणि कंबरेखाली पातळ टॉवेल चालेल का ते सिस्टरना विचारा. खोकला, शिंक आली तर पट्टीवर हात दाबून धरायचा, आणि जांघेत अचानक ओलं, गरम लागलं तर वाकून बघत बसू नका, दाबून धरा आणि सिस्टरना हाक मारा.