डेंगूच्या सीझनमधे या चुका टाळा, नालीला शिव्या देण्याआधी कूलर पाहा

पावसाळा लागला, कोणाच्या घरी ताप निघाला की आमच्या नागपुरात सगळे पहिले नालीकडे बोट दाखवतात. अरे भाऊ, नालीतला मच्छर वेगळा. डेंगूवाली एडिस साफ, साचलेल्या पाण्यात अंडी घालते, म्हणजे तुमच्याच घरी.

आणि घरी म्हणजे कूलरमधे. मे महिन्यात कूलरशिवाय जमत नाही, मान्य, पण पहिला पाऊस पडला की लोक बटण बंद करतात अन् विसरतात, टाकीत पाणी तसंच. दोन वर्षांआधी आमच्या लाईनमधे तीन घरी डेंगू निघाला. फॉगिंगची गाडी बोलावली, पोरं धुरामागे पळाली, सगळे खूश. धुरानं उडणारे मच्छर मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही, आठ-दहा दिवसात नवीन बॅच तयार. पण लोकांना धूर दिसला पाहिजे ना! शेवटी मी टॉर्च घेऊन गच्च्या पालथ्या घातल्या, तर एका काकांकडे ताडपत्रीखाली कूलर अन् टाकीत अळ्या वळवळून राहिल्या होत्या. काका म्हणे, "झाकला तर होता ना बाप्पा!"

पाणी ओतून दिलं. इथं मीच चुकलो, घाई केली, घासलं नाही. अंडी पाण्याच्या रेघेच्या जरा वर पत्र्याला चिकटून असतात, सुकली तरी कित्येक महिने टिकतात. ताडपत्री फाटली, टाकीत पावसाचं पाणी गेलं, ऑगस्टमधे पुन्हा अळ्या. आता मी कूलरच्या जाळीतलं गवत काढून फेकतो, टाकी तारेच्या घासणीनं कोपऱ्यापर्यंत घासतो, दोन दिवस उन्हात उलटी ठेवतो. कूलर चालू असला तरी दर रविवारी हेच, बायको कटकट करते, करू दे.

फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, पाखरांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं, हेही आठवड्यातून एकदा घासा.

अंग दुखते म्हणून मेडिकलमधून ॲस्पिरिन नाहीतर आयबुप्रोफेन आणू नका, डेंगूत रक्तस्राव वाढू शकते. ताप उतरल्यावर नाचू नका, धोक्याचे दिवस बरेचदा तेव्हाच येतात. पोट दुखलं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यातून रक्त आलं तर पपईच्या पानांचा रस वाटत बसू नका, दवाखान्यात जा.

अन् पेशंटला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. त्याला चावलेला मच्छरच काही दिवसांनी शेजारच्याला डेंगू देते. लोक हसतात, दिवसा कोण मच्छरदाणी लावते म्हणून. हा मच्छर जास्त करून दिवसाच चावते ना.