छोटा बोनसाय उठून दिसण्यासाठी

तळहातावर मावेल एवढा बोनसाय टेबलावर ठेवला की वरून नुसता पाल्याचा गोळा दिसतो. खोडाचं वळण, मातीवरची मुळांची पकड, सगळं झाकलं जातं. उपाय एकच, झाड वर उचला.

१. समोर बसल्यावर खोडाचा मधला भाग डोळ्यांच्या रेषेत येईल इतक्या उंचीवर कुंडी ठेवा. खाली लाकडी पाट किंवा चौरंग चालतो, फक्त तो कुंडीपेक्षा थोडा रुंद हवा.

२. आता कुंडी हळूहळू फिरवून दर्शनी बाजू शोधा. जिथून बुंध्याशी मुळं पसरलेली दिसतात, खोडाच्या खालच्या भागावर फांदी आडवी येत नाही आणि शेंडा किंचित आपल्याकडे झुकलेला असतो, ती बाजू. इथे घाई नको. बोटभर फिरवलं तरी झाड वेगळंच दिसतं.

३. मागे फिकट, एकरंगी कापड किंवा कागद लावा.

कुंडीवरचे क्षारांचे पांढरे डाग ओल्या फडक्याने पुसा, पिवळी पानं चिमट्याने काढा. जपानी शोहिन, म्हणजे छोट्या बोनसायच्या, मांडणीत घडवंचीवर अनेक झाडं एकत्र मांडतात आणि सर्वांत वरची जागा बहुधा पाइन किंवा ज्युनिपरला देतात. मला मात्र एका वेळी एकच झाड मांडलेलं जास्त आवडतं. नजर त्यावरच ठरते.

पाइन, ज्युनिपर, मेपल अशी उघड्यावर वाढणारी झाडं १-२ दिवसांपेक्षा जास्त घरात ठेवू नका. कुंडी इवलीशी असल्याने माती काही तासांत सुकते, म्हणून सकाळ-संध्याकाळ बोट लावून ओल तपासा.